आज्ञा पाळतं कोण?

संगणकाच्या शालेय पुस्तकांत एक तक्ता बहुधा सापडतोच. डावीकडे डॉसच्या आज्ञा, उजवीकडे युनिक्सच्या किंवा लिनक्सच्या. डिर म्हणजे एलएस, कॉपी म्हणजे सीपी, डेल म्हणजे आरएम, रेन म्हणजे एमव्ही. मुलं तो पाठ करतात, परीक्षेत 'जोड्या लावा' येतं, गुण मिळतात. वाचणाऱ्याची समजूत अशी होते की हा एक शब्दकोशच आहे. मराठीत पाणी, हिंदीत पानी, तसं डॉसमध्ये डिर आणि युनिक्समध्ये एलएस.

ही समजूत कितपत खरी आहे ते पाहायला एक छोटा प्रयोग करू. (आज्ञा टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची, इथे त्या देवनागरीत दिल्या आहेत.) एका डिरेक्टरीत तीन फाइली ठेवा, तिन्हींचं आडनाव 'टीएक्सटी'. विंडोजमध्ये आजही जी काळी 'कमांड प्रॉम्प्ट'ची खिडकी मिळते, तिच्यात डॉसच्या जुन्या आज्ञा चालतात. तिथे लिहा:

रेन *.टीएक्सटी *.बीएके

तिन्ही फाइलींची आडनावं मुकाट्याने बदलतात. आता हाच प्रयोग लिनक्सवर करा. तक्त्याप्रमाणे रेनच्या जागी एमव्ही लिहा, बाकी सगळं तेच. संगणक तक्रार करेल की शेवटी दिलेलं नाव डिरेक्टरीचं नाही, आणि काम होणार नाही.

असं का व्हावं? दोन्ही आज्ञा नाव बदलण्याच्याच आहेत. फरक आहे तो ती चांदणी, म्हणजे * हे चिन्ह, कोणी वाचलं यात. आपण टाइप केलेली ओळ कोणाच्या हातात पडते, ती कोण समजून घेतं आणि प्रत्यक्ष काम कोण करतं, याची उत्तरं या दोन घराण्यांत वेगवेगळी आहेत. ती तशी का झाली हे समजायला साठ वर्षं मागे जावं लागेल.

कवच

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये 'सीटीएसएस' नावाची व्यवस्था चालत असे. संगणक एकच, पण त्याला टंकलेखन यंत्रासारखी अनेक यंत्रं जोडलेली. प्रत्येकापुढे बसलेल्या माणसाला वाटावं की संगणक फक्त आपलंच ऐकतो आहे. तिथे लुई पूझँ हे फ्रेंच संगणकतज्ज्ञ काम करत होते. डझनावारी आज्ञा लिहून झाल्यावर त्यांच्या मनात आलं, की या आज्ञाच विटांसारख्या रचून त्यांतून नव्या आज्ञा का बांधू नयेत? १९६३–६४च्या सुमारास त्यांनी त्यासाठी 'रनकॉम' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. आज्ञांची यादी एका फाइलीत लिहून ठेवायची आणि ती फाइल रनकॉमच्या हवाली करायची. लिनक्स वापरणाऱ्यांनी 'बॅशआरसी' या नावाची फाइल पाहिली असेल. तिच्यातलं 'आरसी' हे या रनकॉमचंच उरलेलं शेपूट.

पुढे एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल प्रयोगशाळा यांनी मिळून 'मल्टिक्स' ही फार मोठी कार्यप्रणाली हाती घेतली. तिच्यासाठी पूझँ यांनी एक सूचना लिहून दिली. आज्ञा वाचणारा भाग कार्यप्रणालीच्या गाभ्यात गाडून ठेवू नका, तो एक साधा, बाहेरचा प्रोग्रॅम असू द्या. गाभ्याभोवतीच्या या आवरणाला त्यांनी नाव दिलं 'शेल', म्हणजे कवच. मल्टिक्सचं पहिलं शेल एमआयटीतल्या ग्लेंडा श्रोडर यांनी १९६५च्या सुमारास लिहिलं.

साधा प्रोग्रॅम म्हणजे बदलता येण्याजोगा प्रोग्रॅम. कोणाला हे कवच आवडलं नाही तर त्याने आपलं दुसरं लिहावं. लोकांनी ते मनापासून केलं. युनिक्समध्ये आधी थॉम्प्सन यांचं, मग १९७९ मध्ये स्टीव्ह बोर्न यांचं, बर्कलीला बिल जॉय यांचं, १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचं 'बॅश', अशी कवचं आली. अॅपलच्या मॅक संगणकांवर २०१९ पासून नव्या खात्यांना 'झेडशेल' मिळतं.

दोन अक्षरांच्या आज्ञा

मल्टिक्सचं काम लांबत गेलं आणि १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेने त्यातून अंग काढून घेतलं. तिथले केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी हळहळले. थॉम्प्सन यांना एक फारसा न वापरला जाणारा पीडीपी-७ संगणक सापडला. त्याची स्मृती १८ बिटांच्या जेमतेम ८ हजार शब्दांची. त्यावर त्यांनी १९६९ मध्ये जी छोटी कार्यप्रणाली उभी केली, तीच पुढे युनिक्स झाली.

नवशिके पहिल्यांदा हैराण होतात ते तिच्या आज्ञांच्या आखूडपणाने. मल्टिक्समधल्या 'लिस्ट'चं एलएस, 'कॉपी'चं सीपी, 'मूव्ह'चं एमव्ही, 'रिमूव्ह'चं आरएम. 'आपण कोणत्या डिरेक्टरीत आहोत?' हे विचारायची आज्ञा पीडब्ल्यूडी. आपल्याकडे ही अक्षरं ऐकली की सार्वजनिक बांधकाम खातं डोळ्यांपुढे येतं. युनिक्समध्ये ती 'चालू डिरेक्टरीचं नाव छापा' या अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत. ही काटकसर कशासाठी? त्या काळी संगणकापुढे पडदा नसे. 'टेलिटाइप मॉडेल ३३' नावाचं खडखडणारं छपाईयंत्र असे. त्याच्या कळा जड, आणि छपाईचा वेग सेकंदाला १० अक्षरं. एक पानभर मजकूर उमटायला तीन-चार मिनिटं जात. अशा यंत्रावर दिवसभर काम करणारा माणूस प्रत्येक अक्षर वाचवणार, यात नवल नाही. अर्थात कधीकधी ही काटकसर हास्यास्पदही झाली. युनिक्समधल्या एका मूलभूत सेवेचं नाव 'क्रिएट', पण तिच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं 'ई' गाळलेलं. युनिक्स पुन्हा लिहायची वेळ आली तर काय बदलाल, असं विचारल्यावर थॉम्प्सन यांनी उत्तर दिलं होतं की ते 'ई' घालीन.

आखूड नावांवर टीका पुष्कळ झाली आहे. मला ती थोडी उथळ वाटते. नाव दोन अक्षरांचं की तीन, हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं. खरी अडचण येते ती आज्ञेमागची रचना माहीत नसली तर.

बिघडलेली आज्ञा

ही रचना कशी घडली याची एक गोष्ट डेनिस रिची यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. शिक्षकांनी ती वर्गात जरूर सांगावी, इतकी ती बोलकी आहे.

पीडीपी-७ वरच्या अगदी सुरुवातीच्या युनिक्समध्ये एका यंत्रावर एका वेळी एकच प्रोग्रॅम असे. शेल स्मृतीत बसलेलं. तुम्ही आज्ञा टाइप केली की शेल त्या आज्ञेचा प्रोग्रॅम डिस्कवरून आणवी, पण तो येऊन बसे थेट शेलच्याच जागेवर. म्हणजे शेल पुसलं जाई. आज्ञेचं काम संपलं की कार्यप्रणाली डिस्कवरून शेलची ताजी प्रत आणून पुन्हा तिथे बसवी. एकच खुर्ची, आणि तिच्यावर आळीपाळीने बसणारी दोन माणसं, असा हा कारभार.

मग 'फोर्क' आलं. शेलने स्वतःची एक जुळी प्रत काढायची, त्या प्रतीने आज्ञेचं रूप घेऊन काम करायचं आणि संपून जायचं. मूळ शेल तोवर थांबून राहील. पीडीपी-७ वर हा एवढा मोठा बदल असेंब्ली भाषेतल्या अवघ्या २७ ओळींत झाला, असं रिची लिहितात. सगळं सुरळीत चालू लागलं, एक गोष्ट सोडून. चालू डिरेक्टरी बदलायची आज्ञा, तेव्हा तिचं नाव सीएच-डिर होतं, एकाएकी बंद पडली. ती तक्रार करत नसे, चूक दाखवत नसे. पण माणूस होता तिथेच राही. सगळ्यांनी प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा वाचून पाहिले. नव्या फोर्कमुळे ही आज्ञा कशी बिघडावी, काही केल्या उमगेना.

शेवटी प्रकाश पडला. आज्ञा बिघडलेली नव्हतीच. ती आपलं काम चोख करत होती, पण स्वतःपुरतं. शेलने एक जुळं भाऊ काढावा, त्याने दुसऱ्या डिरेक्टरीत जावं आणि काम झालं म्हणून तिथेच संपून जावं. शेल आपलं जिथल्या तिथे. मुख्याध्यापकांनी शिपायाला सांगितलं 'घंटा दे', तर घंटा वाजते. ती कोणी वाजवली याने फरक पडत नाही. पण 'जरा माझे केस कापून ये' असं सांगून शिपायाला पाठवलं, तर तो केस कापून येईल ते स्वतःचेच!

म्हणून सीएच-डिर शेलच्या पोटात घालावी लागली. आजची सीडी ही तिचीच वंशज. युनिक्समध्ये आज्ञांचे जे दोन वर्ग पडतात त्यांचं मूळ हे असं आहे. एलएस, सीपी, एमव्ही, आरएम, कॅट हे सारे बाहेरचे, स्वतंत्र प्रोग्रॅम. सीडी मात्र शेलचा स्वतःचा अवयव. परीक्षेच्या उत्तरात दोघींना 'आज्ञा' म्हणतात, पण त्यांची जातकुळी वेगळी.

फ्लॉपीचं घराणं

दुसरं घराणं वेगळ्याच गरजेतून वाढलं. १९७४ मध्ये गॅरी किल्डॉल यांनी छोट्या संगणकांसाठी 'सीपी/एम' ही कार्यप्रणाली लिहिली. तिच्यावर छाप होती ती डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या यंत्रांवरच्या प्रणालींची, आणि डिर हा शब्द त्याच वळणाचा. कॉपी करायच्या प्रोग्रॅमचं नाव 'पिप' हेही तिथलंच. पिपची गंमत म्हणजे तिच्यात आधी 'कुठे' लिहायचं, मग बरोबरीचं चिन्ह, मग 'कुठून'. बीजगणितात डावीकडे क्ष लिहितो तसं. १९८० मध्ये टिम पॅटरसन यांनी सीपी/एमच्या धर्तीवर एक प्रणाली लिहिली, पण पिप सोडून देऊन 'कॉपी' ही आज्ञा आणली आणि क्रम 'कुठून कुठे' असा सरळ केला. ती प्रणाली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर ती डॉस या नावाने घरोघर गेली.

पहिल्या पीसीच्या फ्लॉपीत १६० किलोबाइट मावत. अनेकांकडे फ्लॉपीची एकच खाच. अशा वेळी प्रत्येक आज्ञा डिस्कवर वेगळी ठेवली, तर यादी पाहायची असली तरी आधी डॉसची फ्लॉपी घाला, मग ती काढून आपली घाला, अशी कसरत झाली असती. म्हणून डिर, कॉपी, डेल, रेन, टाइप या रोजच्या आज्ञा डॉसच्या शेलच्या, म्हणजे 'कमांड डॉट कॉम'च्या, पोटातच ठेवल्या. फॉरमॅट, चेकडिस्क, डिस्ककॉपी अशा क्वचित लागणाऱ्या तेवढ्या बाहेर. आपल्याकडच्या पुस्तकांत 'अंतर्गत आज्ञा व बाह्य आज्ञा, फरक स्पष्ट करा' हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला गेला. त्यामागचं कारण, म्हणजे ती फ्लॉपीची एकुलती एक खाच, मात्र अभावानेच सांगितलं गेलं.

म्हणजे पाहा, युनिक्समध्ये आज्ञा बाहेर राहणं हा नियम आणि सीडी हा नाइलाजाने केलेला अपवाद. डॉसमध्ये बरोबर उलट. शिवाय डॉसमध्ये सीएच-डिरचं कोडं कधी पडलंच नसतं. तिथे चालू डिरेक्टरी कोणा एका प्रोग्रॅमची नव्हती, साऱ्या संगणकाची मिळून होती. बाहेरच्या प्रोग्रॅमने ती बदलली तर तो संपल्यावरही बदललेलीच राही. 'नॉर्टन चेंज डिरेक्टरी' हा त्या काळचा लोकप्रिय प्रोग्रॅम बाहेरचा असूनही काम करू शके, तो याच कारणाने.

पीडीपी-७ वरची ती एकच खुर्ची डॉसमध्येही पुन्हा दिसते. मोठा प्रोग्रॅम चालवताना जागा कमी पडली तर शेलचा काही भाग पुसला जाई आणि नंतर तो डिस्कवरून परत आणावा लागे. जुन्या लोकांना आठवत असेल, मधेच पडद्यावर 'कमांड डॉट कॉम असलेली डिस्क घाला' असा निरोप झळके.

तिरक्या रेघेचा घोळही याच इतिहासातला. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत डिरेक्टरींच्या आत डिरेक्टरी नव्हत्या, आणि / ही रेघ आज्ञेला जोडायच्या खुणांसाठी वापरली गेली होती. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत युनिक्ससारख्या एकात एक डिरेक्टरी आल्या, तेव्हा युनिक्सची ती रेघ आधीच अडकलेली. मग तिची उलटी बहीण घेतली. तेव्हापासून विंडोज एका बाजूला झुकते आणि बाकीचं जग दुसऱ्या.

चांदणी कोण वाचतं?

आता सुरुवातीच्या प्रयोगाकडे वळू. युनिक्समध्ये चांदणी वाचतं ते शेल. (अगदी सुरुवातीला शेल हे काम 'ग्लोब' नावाच्या मदतनीस प्रोग्रॅमकडे सोपवी, चांदणी असलेल्या नमुन्यांना आजही 'ग्लोब' म्हणतात.) शेल चांदणीच्या जागी जुळणाऱ्या सगळ्या फाइलींची नावं लिहितं आणि ती लांबलचक ओळ आज्ञेच्या हाती देतं. एमव्हीला चांदणी दिसतच नाही. तिला दिसतात टीएक्सटी आडनावाची तीन नावं. आणि बीएके आडनावाची एकही फाइल नसल्याने ते चौथं नाव बॅशने जसंच्या तसं दिलेलं. चार नावं आली म्हणजे शेवटची डिरेक्टरी असली पाहिजे असा एमव्हीचा नियम, म्हणून तक्रार. मॅकवरचं झेडशेल तर एमव्हीपर्यंत जातच नाही. 'अशी नावं सापडली नाहीत' असं सांगून तेच थांबतं.

डॉसमध्ये शेल चांदणीला हात लावत नाही. जी ती आज्ञा आपली चांदणी आपण वाचते. त्यामुळे रेनला दोन्ही नमुने पूर्ण दिसतात आणि ती 'या आडनावाच्या जागी ते आडनाव' असा अर्थ लावू शकते.

मग बरी पद्धत कोणती? माझं माप युनिक्सच्या बाजूला झुकतं. चांदणी एकदाच, एका ठिकाणी वाचली जाते; सगळ्या आज्ञांना ती फुकट मिळते आणि सगळीकडे तिचा अर्थ एकच राहतो. डॉसमध्ये प्रत्येक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने हे काम पुन्हा करायचं, आणि आळस केला तर त्याच्या प्रोग्रॅमला चांदणी कळायचीच नाही. पण युनिक्सच्या पद्धतीला किंमत मोजावी लागते. समजा डिरेक्टरीत टीएक्सटी आडनावाच्या दोनच फाइली आहेत, आणि घाईत कोणी 'एमव्ही *.टीएक्सटी' एवढंच लिहून एंटर दाबलं, 'कुठे' ते लिहायचं राहिलं. एमव्हीला मिळतात दोन नावं. ती पहिल्या फाइलीला दुसरीचं नाव देते आणि दुसरीचा मजकूर कायमचा जातो. पडद्यावर एक अक्षर उमटत नाही.

उत्तर कोणासाठी?

हे मौनही समजून घेण्यासारखं आहे. डॉसमध्ये डिर लिहा. आधी डिस्कचं नाव, मग डिरेक्टरीचं नाव, फाइलींची यादी, शेवटी किती फाइली, किती बाइट, किती जागा शिल्लक. एलएस लिहिलं तर नुसती नावं. डिर माणसाशी बोलते. एलएस बोलते ती पुढच्या प्रोग्रॅमशी.

बेल प्रयोगशाळेतले डग मॅकिलरॉय यांनी ऑक्टोबर १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवलं होतं की बागेतल्या पाण्याच्या नळीचे तुकडे जसे एकमेकांना जोडतो, तसे प्रोग्रॅम जोडता आले पाहिजेत. १९७३ मध्ये थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये ती सोय केली, 'पाइप'. एका आज्ञेचं उत्तर थेट दुसरीच्या तोंडात. असं झालं की उत्तरात मथळा, आभारप्रदर्शन, 'काम यशस्वी झाले' असल्या ओळी नकोशा होतात, कारण पुढचा प्रोग्रॅम त्यांनाही फाइलींची नावंच समजेल. आजची एलएस तर पाहते की समोर पडदा आहे की पाइप. पडदा असेल तर नावं रांगा-स्तंभांत मांडते, पाइप असेल तर ओळीला एक.

डॉसनेही १९८३ मध्ये पाइपचं चिन्ह घेतलं. पण तिथे एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले. मग पहिल्याचं उत्तर डिस्कवर एका तात्पुरत्या फाइलीत लिहायचं आणि नंतर ते दुसऱ्याला वाचायला द्यायचं. त्यामुळे डिरचं उत्तर पाइपमधून पाठवलं की यादीत कधीकधी दोन अनोळखी फाइली दिसत. त्या पाइपच्याच असत!

एकाच शब्दाचे अर्थही घराण्यागणिक बदलतात. युनिक्समध्ये कॅट फाइलीचा मजकूर दाखवते, खरं तर फाइली एकापुढे एक जोडते. १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पातून भारतातल्या काही शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले होते. त्यांच्यावर कॅट म्हटलं की कॅटलॉग, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची यादी येई.

पुसणं म्हणजे काय?

सगळ्यात जपून शिकवायची जोडी डेल आणि आरएम. डॉसमध्ये 'डेल *.*' लिहिलं की 'नक्की ना?' असा प्रश्न येतो. आरएमला सगळ्या फाइली द्या, ती न विचारता पुसते. याला युनिक्सचा उद्धटपणा म्हणतात. पण वर पाहिलंच आहे की डेलला चांदणी दिसते, आरएमला दिसत नाही. तिला नावांची यादी मिळते. ती तुम्ही एकेक करून विचारपूर्वक लिहिली की एका चांदणीने उडवून दिली, हे तिला कळायला मार्ग नाही. झेडशेलने हे ओळखलं. तिथे 'आरएम *' लिहिलं तर प्रश्न येतो, पण तो विचारते शेल, आरएम नव्हे.

जुनी अपघाताची जागा म्हणजे मधली मोकळी जागा. 'आरएम *.ओ' लिहायचं होतं, म्हणजे ओ आडनावाच्या फाइली पुसायच्या होत्या. चांदणीनंतर चुकून स्पेसबार दाबला गेला. आता चांदणी एकटी पडली. शेल तिच्या जागी सगळी नावं लिहितं, आरएम सगळं पुसते आणि वर प्रामाणिकपणे कळवते की '.ओ' नावाची फाइल मात्र सापडली नाही.

पुसल्यावर परत मिळेल का, याचंही उत्तर घराण्यावर ठरतं. डॉसमध्ये डेल फाइलीच्या नावाचं पहिलं अक्षर खोडून तिथे एक ठरावीक खूण लिही. बाकी नाव आणि मजकूर डिस्कवर तसाच, दुसरं काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत. १९८२ मध्ये पीटर नॉर्टन यांनी ही फट ओळखून पुसलेल्या फाइली परत आणणारा प्रोग्रॅम विकायला काढला, आणि १९९१च्या पाचव्या आवृत्तीत खुद्द डॉसमध्ये 'अनडिलीट' आली. ती विचारी, 'या नावाचं पहिलं अक्षर काय होतं?' लोक चकित होत की संगणकाला बाकीचं नाव आठवतं आणि नेमकं पहिलंच अक्षर कसं आठवत नाही.

युनिक्समध्ये फाइल आणि तिचं नाव या दोन निराळ्या वस्तू आहेत. एका फाइलीला अनेक नावं असू शकतात. आरएम पुसते ते नाव. शेवटचं नाव गेलं आणि कोणी ती फाइल वापरत नसलं, की फाइलीची जागा मोकळी होते. एमव्हीला मोठी फाइल त्याच डिस्कवर हलवायला क्षणही लागत नाही आणि सीपीला वेळ लागतो, त्याचंही कारण हेच. एमव्ही नुसती पाटी बदलते, सीपी सगळा माल उचलून नवी प्रत करते.

ही पाटी हरवण्याची किंमत १९९८ मध्ये पिक्सार या चित्रपटसंस्थेला कळली. 'टॉय स्टोरी २' तयार होत असताना कोणीतरी आरएम चालवली, 'आतल्या सगळ्या डिरेक्टरींसह आणि काही न विचारता' अशा खुणा जोडून. चित्रपटातली पात्रं आणि दृश्यं एकेक करून नाहीशी होऊ लागली. संगणक बंद करेपर्यंत बहुतेक काम गेलं होतं. राखीव प्रत काढली जात होती, पण ती नीट निघत नसल्याचं तेव्हाच लक्षात आलं. गेलिन सस्मन या तंत्रदिग्दर्शिका घरून काम करत असल्यामुळे त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. ती जपून गाडीतून आणली गेली.

वर्गात हे सगळं प्रत्यक्ष दाखवायचं तर लिनक्सवर बॅशमध्ये 'टाइप सीडी' लिहा. डॉसमध्ये टाइप म्हणजे फाइल दाखवणं. बॅशमध्ये ती विचारलेल्या आज्ञेची जातकुळी सांगते. उत्तर येईल की सीडी ही शेलच्या आतली आज्ञा आहे. मग 'टाइप सीपी' लिहा. सीपीचा प्रोग्रॅम डिस्कवर कुठे आहे ते येईल. शाळेत मॅक असेल तर आणखी एक गोष्ट करता येते. युनिक्सचे नियम ठरवणाऱ्या मानकाच्या आग्रहामुळे तिथे 'यूएसआर' डिरेक्टरीतल्या 'बिन' डिरेक्टरीत सीडी नावाचा एक बाहेरचा प्रोग्रॅमही ठेवलेला आहे. त्याचा पूर्ण पत्ता लिहून, पुढे एखाद्या डिरेक्टरीचं नाव देऊन तो चालवा. तक्रार येणार नाही, चूक दिसणार नाही. मग पीडब्ल्यूडी लिहून पाहा. तुम्ही होतात तिथेच असाल.